पश्चात बहीण, मुलगा, सून, नात

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. (खरं तर वाकता येत नाही. कंबरेने पार असहकार पुकारला आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकले आहे असं समजून आशीर्वाद द्यावा. तुमच्या घराण्यात सगळ्यांच्याच कंबरा दुखतात हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि नवऱ्याकडचं दुखणं बायकोलाही लागतं हे लग्नानंतर कळलं.) तुमच्या गुडघ्याचं कसं काय? तुमच्या लेकीकडून समजलं की डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं आणि तुम्ही त्याच दुपारी गच्चीवर गाद्या उन्हात घालायला गेलात. कानाचं यंत्रही अजून कपाटातच आहे म्हणे, वापरून झिजेल म्हणून. यंत्राशिवाय तुम्हाला फोन ऐकू येत नाही, आणि यंत्र लावून माझा आवाज ऐकावा अशी तुमची इच्छा नाही, तेव्हा पत्रावाचून मला गत्यंतर उरलं नाही. माझी तब्येत ठीक आहे. रक्तदाब आहे, साखर आहे, भूक तेवढी नाही.

तुमच्याकडून आलेलं शेवटचं टपाल म्हणजे ते कार्ड. हे गेले त्या आठवड्यात आलेलं. त्यावर एकच वाक्य होतं: ‘माझा भाऊ विधुर नव्हता.’ वर मायना नाही, खाली आशीर्वाद नाही, सही नाही. अक्षर मात्र नेहमीसारखं सुरेख. ते कार्ड मी स्वयंपाकघरात घड्याळाच्या मागे खोचून ठेवलं आहे, म्हणजे किल्ली देताना रोज दिसतं. त्यानंतर वर्ष होत आलं, तुमचा शब्द नाही. आजवर आपल्या दोन घरांतली पत्रं मीच लिहायची हे तुम्हाला ठाऊक आहे; हे शेवटी पेन मागून घ्यायचे आणि ‘आम्ही उभयता’ अशी सही ठोकून साऱ्या पत्राचं श्रेय लाटायचे. हे पत्र मी एकटीने लिहीत आहे, त्यामुळे मध्येच गाडी घसरली तर सांभाळून घ्यावं. तुमचा राग जावा एवढ्यासाठीच लिहिते आहे. घडलं ते पहिल्यापासून सांगते. चष्मा लावून, पाय वर घेऊन बसा.

पहिल्यापासून म्हणजे अगदी टेलिफोन एक्स्चेंजपासून. तुम्ही मला पाहायला आलात तेव्हा मी तिथेच होते. (‘मुलगी बरी आहे, पण बोलते टेलिफोनसारखी’ हा तुमचा शेरा मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळला होता. मी ऑपरेटर होते, मग काय चिमणीसारखी बोलणार होते?) कानाला यंत्र, हातात वायरी, समोर भोकांची भली मोठी पाटी. गावातली लग्नं माझ्या हातून जुळली, भांडणं माझ्या हातून जोडली गेली, आणि मी मध्ये आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. असायला नकोच होतं, तेच तर काम. पुढे आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं आणि आम्ही सगळ्या मुली घरी गेलो. मग फोटो स्टुडिओ. तिथे दिव्यामागे उभं राहून लोकांना हनुवटी वर करा, खांदा सैल सोडा, हसा पण दात नको, असं सांगत बरीच वर्षं काढली. त्याच सवयीने घरचे फोटोही मीच काढले. परवा नातीने, म्हणजे चिमीने, अल्बम पाहून विचारलं की आजी, तू तेव्हा कुठे होतीस? मी तिला समुद्रावरचा फोटो दाखवला, ज्यात हे, चिरंजीव आणि तुम्ही पाय भिजवत उभे आहात आणि वरच्या कोपऱ्यात एक गुलाबी ढग आहे. तो ढग म्हणजे माझा अंगठा. चिमीला तो फारच आवडला, तिने त्यावर पेन्सिलीने डोळे काढून दिले.

स्टुडिओ बंद पडल्यावर वर्तमानपत्राची खिडकी मिळाली. छोट्या जाहिराती. हरवले, सापडले, खोली भाड्याने देणे, आणि निधन. निधनाची खिडकी कुणालाच नको असायची, कारण समोरची माणसं रडतात आणि मग आत बसलेल्यालाही रडू येतं. मला दिली, कारण नव्यांना नेहमी तेच देतात, आणि पुढे माझ्याकडेच राहिली, कारण मला चार ओळींत माणूस बसवता यायचा. चार ओळींच्या वर जागा नाही हा नियम. ‘अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख आणि परोपकारी’ असं लिहून आणणाऱ्यांना मी हळूच सांगायची, यातला एकच गुण ठेवा, कोणता ते घरी विचारून या. (एकदा चार भाऊ ‘मनमिळाऊ’ ठेवायचा की ‘परोपकारी’ यावरून खिडकीसमोरच गुद्द्यांवर आले. मग मी दोन्ही काढले.) माझी पद्धत ठरलेली होती. कागदावरून डोळे वर करायचे नाहीत, म्हणजे माणसाला निवांत रडता येतं. आवाज सपाट ठेवायचा आणि विचारायचं: नाव काय, वय काय, काय करत होते, पश्चात कोण कोण. समोरचा सांगेल ते आणि तेवढंच लिहायचं. आपल्या मनचं काही घालायचं नाही, कारण एकदा मी आपल्या मनाने ‘पत्नी’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी दोघी हजर झाल्या.

आता त्या दिवसाचं. हे गेले ते सकाळी, इस्पितळात, आणि दुपारी जाहिरात द्यायची म्हणून चिरंजीव मला घेऊन तिथेच गेले, त्याच खिडकीवर. मी घरी बसून काय करणार होते? खिडकीत आता एक तरुण मुलगी असते. तिने मला पाहिलं, ती ताडकन उठून उभी राहिली, दार उघडून बाहेर आली आणि मला हाताला धरून आत नेऊन स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. म्हणाली, तुमच्यापुढे मी काय लिहिणार, तुम्हीच लिहा. खुर्ची माझीच होती, वन्सं. उशीसुद्धा मीच शिवलेली, जरा विटली आहे एवढंच. समोर तोच कागदाचा गठ्ठा. मी पेन उचललं आणि मला एकदम बरं वाटलं. खिडकीच्या पलीकडे एक माणूस उभा होता आणि रडत होता. मी डोळे वर केले नाहीत. विचारलं, नाव काय. त्याने सांगितलं. वय काय, काय करत होते, तेही सांगितलं. पश्चात कोण कोण? तो म्हणाला, आत्या, मी, ही, चिमी.

तेवढंच लिहिलं. ‘त्यांच्या पश्चात बहीण, मुलगा, सून, नात असा परिवार आहे.’ बरोब्बर चार ओळी, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. पोराने आईचं नाव घेतलं नाही, कारण आई समोर बसून विचारत होती. आणि मी लिहिलं नाही, कारण त्या खुर्चीत बसणारी कधी कुणाच्या पश्चात नसते. त्या मुलीने शब्द मोजले आणि मान डोलावली. जाहिरात छापून आली, चिरंजीवांनी वाचली, सूनबाईंनी वाचली, मी चष्मा लावून दोनदा वाचली आणि छपाईची चूक नाही म्हणून समाधान मानलं. चूक सापडली ती तुम्हाला, तीही इतक्या लांब बसून. यालाच म्हणतात दिव्याखाली अंधार.

मग जे रामायण झालं ते तुम्हाला कुणी कळवलेलं दिसत नाही. यांच्याबरोबर सकाळी फिरणारे एक गृहस्थ भेटायला आले, मी दार उघडलं, पाणी दिलं, तर माझ्याकडे पाहून विचारतात, घरचं कुणी आहे का? त्याच फिरणाऱ्या मंडळींतल्या एक बाई सूनबाईंना म्हणाल्या, ते एकटे आहेत हे कधी बोलले नाहीत हो, आधी कळतं तर. (वाक्य पुरं केलं नाही ते त्यांच्याच हिताचं झालं. मी दाराआड उभी होते, आणि दाराआड यांची लोखंडी कांबही उभी असते.) ती कांब तुम्हाला आठवत असेल. एका टोकाला लाकडी वाटी, ती कानाला लावायची, दुसरं टोक जमिनीला टेकवायचं आणि खाली पाण्याची नळी कुठे गळते ते ऐकायचं. पाणीखात्यात सारा जन्म यांनी तेच केलं. रस्त्याखाली पुरुषभर खोल थेंब पडला तर यांना ऐकू यायचा, आणि घरात मी चार हाका मारल्या तरी वर्तमानपत्रामागून ‘हं’ यायचं नाही. यावरून मी यांना किती बोलले असेन त्याचा हिशोब नाही.

पाणीखात्याने शोकसभा ठेवली. चिरंजीवांना गाडी लावायला वेळ लागला म्हणून मी पुढे गेले आणि दुसऱ्या रांगेत बसले. पहिली रांग ‘कुटुंबीय’ अशी चिठ्ठी लावून रिकामी ठेवली होती, पण मला कुणी तिथे बसा म्हटलं नाही आणि आपण होऊन बसायचं माझ्या अंगवळणी नाही. अध्यक्ष म्हणून यांचे जुने साहेब होते, आता बरेच थकले आहेत. माझी त्यांची कधी गाठ पडली नव्हती. खिशातून त्यांनी ती जाहिरात काढली, वाचून दाखवली, घसा खाकरला आणि म्हणाले, पत्नीच्या निधनानंतर या माणसाने एकट्याने धीराने दिवस काढले. चिरंजीव तेवढ्यात आत येत होते, ते दारातच थबकले. मी त्यांना हाताने खूण केली, बस. उठून साहेबांची चूक दाखवायची म्हणजे भर सभेत एका म्हाताऱ्या माणसाची फजिती. शिवाय, वन्सं, खोटं कशाला सांगू, मला पुढचं ऐकायचं होतं.

साहेब म्हणाले, “तो जमिनीला कान लावायचा तेव्हा आम्हाला सगळ्यांना गप्प करायचा. म्हणायचा, ऐकायचं कसं ते माझ्या बायकोकडून शिका. ती नुसती ऐकत असली, तरी समोरच्याला वाटतं आपल्याकडे काहीतरी सांगण्यासारखं आहे. लग्नाआधी तिच्या आवाजासाठी मी एक्स्चेंजमधून फोन जोडून घेऊन नसलेल्या गळत्या कळवायचो, असंही सांगायचा. अशी बायको लवकर जावी, हे त्याचं दुर्दैव.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग आभार मानताना त्यांची नजर माझ्यावर पडली, आणि अखेरच्या काळात ज्यांनी यांची सेवा केली त्या काळजीवाहू बाईंचेही आभार, असं म्हणून त्यांनी मला फूल दिलं. मी उठून घेतलं. घरी येऊन ते पेल्यात ठेवलं आणि मग जी रडायला लागले ती काही थांबेना. सूनबाईंना वाटलं अपमान झाला म्हणून रडते आहे. तसं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून, एका ताटलीतली बिस्किटं खाऊन, हा माणूस मला यातलं एक अक्षर बोलला नाही. चार लोकांना सांगितलं, शिकाऊ पोरांना सांगितलं, साहेबाला सांगितलं. आणि ते माझ्या कानावर कधी आलं, तर मी मेले आहे असं लोकांना वाटलं तेव्हा. गेलेल्या माणसाबद्दलच चांगलं बोलतात हे मला खिडकीत बसून पाठ झालं होतं, पण स्वतःचं ऐकायला मिळणारी मी पहिलीच असेन. मला यांना विचारायचं होतं की खरंच असं म्हणायचास का. आणि विचारायला कुणी नव्हतं. पहिल्यांदा तेव्हा मला समजलं की हे गेले.

त्यानंतर मी दिवसदिवस बोलेनाशी झाले, म्हणून चिरंजीवांनी मला लेखनाच्या वर्गाला घातलं. वाचनालयाच्या माडीवर आठवड्यातून एकदा भरतो. सगळे आमच्यासारखे उतारवयातले, आणि शिकवणाऱ्या बाई चिरंजीवांपेक्षा लहान. प्रत्येकाने स्वतःचं आयुष्य लिहायचं आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक पुस्तक. एक निवृत्त सर्जन आहेत, त्यांचं बालपण संपता संपत नाही. माझं उलट. मी पहिल्या दिवशी सगळं आयुष्य चार ओळींत लिहून दिलं आणि वही मिटली. बाईंनी हसून परत केलं, म्हणाल्या, मोकळ्या हाताने लिहा, जागेची चिंता नको. मग मी लग्न लिहिलं. चांगलं ऐसपैस लिहिलं, तुमची जांभळी साडी, तुम्ही वाजंत्रीवाल्यांना भरलेला दम, फोटोग्राफरचा तिरळा डोळा, सगळं. बाईंना आवडलं. फक्त एवढंच म्हणाल्या की यात नवरी कुठे दिसत नाही. मी घरी येऊन शोधलं. खरोखरच नव्हती. काखेत कळसा नि गावाला वळसा. मग शोकसभा लिहिली. ती वाचून दाखवली तेव्हा सर्जनांनीसुद्धा आपली वही बाजूला ठेवली. वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, “ती दुसऱ्या रांगेतली बाई कोण?” मी पटकन म्हणाले, काळजीवाहू. सगळा वर्ग हसला, मीही हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, उत्तराची घाई नाही, पण मिळाल्याशिवाय मी छापणार नाही.

तर असं आहे सगळं. मी मुद्दाम केलं नाही, रागाने केलं नाही, आणि तुमच्या भावाला एकटं पाडावं असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तुम्हाला वाईट वाटलं ते बरोबरच आहे, कारण आपला भाऊ एकटा गेला असं जगाने समजावं हे कुठल्या बहिणीला सोसेल? पण तो एकटा गेला नाही. माझा हात त्याच्या हातात होता आणि शेवटी त्याने विचारलं ते तुमच्याबद्दल, की ताईला कळवलंस का. हे तुम्हाला प्रत्यक्ष सांगायचं राहून गेलं होतं. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपा, गाद्यांना ऊन नाही मिळालं तरी चालतं. थोरांना नमस्कार कुणाला सांगू, आता तुम्हीच थोर उरला आहात. लहानांना आशीर्वाद. पत्र फाडायचं असल्यास पुरतं वाचून फाडावं.

आपली

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून सांगते. पुढच्या महिन्यात यांना वर्ष होईल. स्मरणाची जाहिरात द्यायची आहे. ती या खेपेला तुम्ही लिहून पाठवाल का? चार ओळी. मी लिहायला बसते, नाव लिहिते, वय लिहिते, पश्चात म्हणून लिहिते आणि पेन थांबतं. आता विसरत नाही, वन्सं. आता चांगलं आठवतं. पण तो एक शब्द लिहिला की मी खिडकीच्या पलीकडे जाते, रडणाऱ्या माणसांत, आणि मग आत बसून विचारणारं कुणी राहत नाही. तुम्ही लिहा. तुमचं अक्षरही सुरेख आहे.

ता. क. २. जाहिरात नाही लिहिलीत तरी चालेल. तुम्हीच या. यांची कांब मी एका दुपारी जमिनीला टेकवून, वाटीला कान लावून बसले होते. काय ऐकू यावं अशी अपेक्षा होती कोण जाणे. शेजारच्या बिऱ्हाडातलं कपडे धुण्याचं यंत्र ऐकू आलं. चिमीने पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही, यावरून मुलगी गुणाची निघणार. या घरात चिरंजीव बापाला ओळखतात, पण माझ्याशी लग्न व्हायच्या आधीचा तो, खोटे फोन करणारा, त्याच्याबद्दल बोलायला तुमच्याशिवाय कुणी नाही. खोली माडीवर नाही, खालीच आहे. यंत्र आणलं नाहीत तरी चालेल, मी मोठ्याने बोलेन. किंवा तुम्ही बोला, मला ऐकता येतं म्हणतात.

ता. क. ३. पाकीट चिकटवून, तिकीट लावून, पायांत चपला घातल्यावर लक्षात आलं की ‘आपली’ लिहून खाली सहीच केलेली नाही. सवयीने जागा सोडली आणि पेन यांच्याकडे द्यायची वाट पाहत बसले. किटलीच्या वाफेवर धरून पाकीट उघडलं आहे, कागद एका कडेला जरा ओला झाला, तो वाफेनेच झाला आहे. सही आता करते.

तुमच्या भावाची
पत्नी